धुळीच्या मुलखात एअर फिल्टरशी खेळ नको

दसऱ्याच्या आसपास सोयाबीन निघायला लागतं आणि आमच्या आर्णी तालुक्यात धूळ उभी राहते. धुऱ्यावर थ्रेशर लागतं, कुटार उडतं. पावसाळाभर चिखलात बुडालेली पांदण चार उन्हं खाऊन अशी वाळते की एक ट्रॅक्टर गेला तर मागून येणाऱ्याला समोरचं काही दिसत नाही. त्याच दिवसांत माहूरला रेणुकामातेच्या नवरात्रासाठी जाणाऱ्या गाड्यांची रीघ लागते. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या निघतात, जिनिंगच्या रस्त्यावर रुईचे तंतू हवेत तरंगत असतात. मार्च उजाडला की फुफाटा. पावसाचे महिने सोडले तर वर्षभर आमच्या भागातली वाहनं हवेबरोबर धूळ ओढत असतात.

माझं गॅरेज आर्णीत आहे. वडील ऑइल इंजिनं आणि जीप दुरुस्त करायचे, त्यांच्या हाताखाली पाना धरायला शिकलो. त्या वेळेपासून आजपर्यंत जी इंजिनं अकाली उतरवावी लागली, त्यांतल्या बऱ्याच इंजिनांच्या सिलिंडरवर मला तेच उभे ओरखडे दिसत आले. रिंगा झिजलेल्या, बोअर मोठं झालेलं, गाडी ऑइल खाते म्हणून मालक हैराण. ऑइल वेळेवर बदललेलं असतं, पाणी तपासलेलं असतं. बिघाड झालेला असतो तो हवेच्या वाटेनं. म्हणून मी सगळ्या गाडीवाल्यांना, आणि विशेषतः तरुण मुलांना, कळकळीनं सांगतो की आपल्या भागात गाडीची हवेची वाट मोकळी करू नका. ती जितकी घट्ट आणि बंदिस्त राहील तितकं बरं.

हे सांगायची वेळ आली ती एका नव्या टूममुळे. कंपनीचा एअर फिल्टरचा डबा काढून टाकायचा आणि त्या जागी लाल रंगाचा, शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर बसवायचा. पोरं मोबाइलवर व्हिडिओ पाहतात, ऑनलाइन मागवतात आणि बसवून घ्यायला गॅरेजवर येतात. मध्यंतरी एक मुलगा असाच आपली हॅचबॅक घेऊन आला.

"काका, एवढा फिल्टर लावून द्या ना. गाडी एकदम मोकळी होते म्हणतात. सगळ्यांचा पिकअप वाढून राहिला."

गाडीवर असा जीव लावणारा मुलगा मला आवडतो. मी बॉनेट उघडलं आणि विचारलं, "हा फिल्टर हवा कुठून ओढणार बाप्पा?" त्यानं इंजिनाशेजारच्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, "हात ठेवून पाहा तिथं." गाडी नुकतीच दिग्रसहून आली होती. त्यानं हात नेला आणि लगेच मागे घेतला.

इंजिनाला पेट्रोलपेक्षा हवा कितीतरी जास्त लागते. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा हवी. लिटरमध्ये मोजायचं तर एक लिटर पेट्रोलमागे नऊ हजार लिटरच्या आसपास. आर्णीहून यवतमाळ चाळीसेक किलोमीटर. लिटरला वीस किलोमीटर देणारी गाडी तेवढ्या अंतरात दोन लिटर पेट्रोल जाळते आणि अठरा हजार लिटर हवा पोटात घेते. त्यात धूळ किती, हे तुम्ही कोणत्या रस्त्यानं आणि कोणाच्या मागे गेलात त्यावर ठरतं.

आता पिकअपचं पाहू. हवा जितकी थंड तितकी दाट, आणि दाट हवेत प्राणवायू जास्त. कंपनीच्या डब्याची नळी बहुतेक गाड्यांत ग्रिलच्या मागून किंवा मडगार्डच्या बाजूनं बाहेरची हवा घेते. मे महिन्यात आमच्याकडे ती हवाच ४४ अंशांवर असते. उघडा फिल्टर घेतो बॉनेटखालची हवा. गर्दीत किंवा चढावर हळू चालताना तिचं तापमान ६५ अंशांपर्यंत सहज जातं. या एकवीस अंशांच्या फरकानं हवेची घनता सहा टक्क्यांच्या आसपास उतरते. म्हणजे ताकद वाढवायला म्हणून बसवलेली वस्तू ऐन उन्हाळ्यात ताकद कमी करते. चांगल्या किटमध्ये गरम हवा अडवायला पत्र्याचा आडोसा असतो, पण आमच्याकडे येतात त्या स्वस्त किटमध्ये नळी, क्लॅम्प आणि शंकू यांपलीकडे काही नसतं.

मग बसवणाऱ्याला फरक जाणवतो तो कशाचा? आवाजाचा. कंपनीच्या डब्यात आणि नळीत हवेचा आवाज दाबण्यासाठी पोकळ कप्पे दिलेले असतात. ते निघाले की ॲक्सिलरेटर दाबताच घोगरा आवाज येतो आणि गाडी जोरात उचलते असं कानाला वाटतं. शर्यतीच्या गाडीत अशा फिल्टरला जागा आहे, कारण तिचं इंजिन ठरावीक शर्यतींनंतर उघडलंच जातं. आर्णीतल्या माणसानं कर्ज काढून घेतलेली गाडी दहा-पंधरा वर्षं चालायची असते. तिच्या नशिबात लग्नाच्या वराती, दवाखान्याच्या फेऱ्या आणि बाजार समितीच्या चकरा असतात.

या उघड्या फिल्टरांत बहुधा तेल लावलेल्या सुती जाळीचे थर असतात. हवा त्यांतून सोपी जाते हे खरं आहे, पण तीच सोय बारीक धुळीचीही होते. शिवाय हा फिल्टर धुऊन पुन्हा तेल लावायचं असतं. तेल जास्त झालं तर हवेबरोबर ते पुढे सरकतं. ज्या गाड्यांत हवा मोजायला तापलेली बारीक तार असलेला सेन्सर आहे, त्यांच्या तारेवर हे तेल आणि त्याला चिकटलेली धूळ बसते. सेन्सर चुकीचं मोजमाप पाठवतो, त्यावरून कॉम्प्युटर पेट्रोलचा हिशेब चुकवतो, आणि मालक म्हणतो, "चेक इंजिनचा दिवा जाऊन नाही राहिला."

जगभर एअर फिल्टरची परीक्षा आयएसओ ५०११ या मानकाप्रमाणे घेतली जाते. त्यासाठी ठरावीक मापाची जी धूळ वापरतात ती ॲरिझोना धूळ या नावानं ओळखली जाते, कारण मुळात ती अमेरिकेतल्या त्या वाळवंटी राज्यातून यायची. चांगला कागदी फिल्टर अशा परीक्षेत ९९ टक्क्यांहून जास्त धूळ अडवतो. समजा दुसरा एखादा फिल्टर ९७ टक्के अडवतो. ऐकायला फरक किरकोळ वाटतो. पण पहिल्यात शंभर कणांपैकी एक आत जातो आणि दुसऱ्यात तीन. इंजिनात जाणारी धूळ तिप्पट झाली. पाकिटावरचे आकडे वाचताना अडवलेली धूळ पाहू नये, आत सोडलेली पाहावी.

आणि ही आत गेलेली धूळ करते काय? डोळ्याला दिसणाऱ्या खड्याची मला फारशी भीती नाही, तो फिल्टरमध्येच अडकतो. पिस्टनची रिंग आणि सिलिंडर यांच्यामध्ये ऑइलचा पातळ थर असतो. त्या थराच्या जाडीच्या मापाचे कण, म्हणजे काही मायक्रॉनपासून वीस मायक्रॉनपर्यंतचे, सगळ्यात घातक. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. आमच्या रस्त्यावरची धूळ नुसती काळी माती नाही. तिच्यात क्रशरवर फोडलेल्या गिट्टीची पूड आहे, मुरूम आहे, रेती आहे. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातलं फेल्डस्पार हे खनिज पोलादी सुरीवर ओरखडा काढू शकतं, आणि रेतीतलं क्वार्ट्झ त्याहून कडक. असा कण ऑइलमध्ये मिसळला की तो एकदा ओरखडा काढून थांबत नाही. ऑइल जिथं जिथं जातं तिथं तिथं तो जातो, बेअरिंगपर्यंत.

आर्णी-माहूर रस्त्यावर चालणारी एक काळी-पिवळी माझ्याकडे आली होती. डिझेल, टर्बोची. तक्रार एवढीच की धूर मारते आणि ऑइल कमी होतं. फिल्टर नवा होता, चालकानं स्वतः महिनाभरापूर्वी बदललेला. मी फिल्टरच्या पुढची रबरी नळी काढली, पांढरं फडकं बोटाला गुंडाळलं आणि नळीच्या आतून फिरवलं. फडक्यावर तपकिरी रेघ उमटली. फिल्टरच्या पुढच्या भागात धूळ औषधालाही सापडायला नको, आणि इथं बोटभर रेघ. नळी उलटी करून पाहिली तर वळणावर, क्लॅम्पच्या अगदी जवळ, चिरली होती आणि कोणीतरी त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधली होती. टर्बोचं चाक मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतं. त्याच्या पात्यांच्या कडा मी चालकाला दाखवल्या. नव्या पात्याची कड धारदार असते, याची बोथट होऊन खरबरीत झाली होती. टर्बो गेला, रिंगा गेल्या. पाच-सातशे रुपयांची नळी वेळेवर बदलली असती तर हा अर्ध्या लाखाच्या पुढचा खर्च टळला असता. ज्या माणसाचं घर त्या गाडीच्या सीटवर चालतं, त्याला हा खर्च सांगताना जिवावर येतं.

पांढऱ्या फडक्याची ही तपासणी कोणालाही घरी करता येते. त्यासाठी मिस्त्री लागत नाही. फिल्टरच्या डब्यापासून इंजिनाकडे जाणारी नळी काढायची, आतून पुसायची, फडकं पाहायचं. स्वच्छ निघालं तर ठीक. रेघ आली तर डब्याची क्लिप तुटली आहे, फिल्टरची रबरी कड नीट बसलेली नाही, किंवा नळी फाटली आहे. यांपैकी एक काहीतरी सापडतंच. क्लिप तुटली म्हणून डबा तारेनं बांधून दिलेल्या गाड्या मी कितीतरी पाहतो. तारेनं एक कोपरा दाबला जातो आणि दुसरा उघडा राहतो. मग फिल्टर कितीही भारी असला तरी हवा त्या फटीतूनच जाणार.

मला खरं आश्चर्य वाटतं ते या गोष्टीचं की हेच सगळं ज्ञान आमच्या गावागावांत आहे, पण ते ट्रॅक्टरपाशी थांबलं आहे. ज्या घरी ट्रॅक्टर आहे त्या घरच्या पोराला ऑइल बाथ कोणी शिकवावं लागत नाही. वरच्या टोपीतून हवा येते, मधल्या नळीतून खाली उतरते, तळाच्या वाटीतल्या ऑइलवर आदळून उलटी वर वळते. हवा वळते, जड धूळ वळू शकत नाही, ती ऑइलमध्ये बुडते. उरलेली तारेच्या ओल्या जाळीत अडकते. धुळीचं काम असेल तर दर आठ-दहा तासांनी ही वाटी उघडून पाहायची, तळाशी गाळ साचला की ऑइल फेकून वाटी डिझेलनं धुवायची आणि नवं ऑइल आतल्या खुणेपर्यंतच भरायचं. खुणेच्या वर भरलं तर इंजिन ते ओढून घेतं. वखरणी करून आलेला माणूस हात-पाय धुण्याआधी ही वाटी पाहतो.

वडिलांच्या काळातल्या जीपला हीच रचना होती. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला ऑइल बाथ होता, आणि १९४७ पासून मुंबईत महिंद्रानं जुळवायला घेतलेल्या जीपनं तो पुढे चालवला. धुळीत लढायला केलेली गाडी, म्हणून तिच्या हवेच्या वाटेला एवढी राखण दिली होती. वडील वाटीतला गाळ बोटांत चोळून पाहायचे. खर लागली तर जीप कोणत्या रस्त्यानं फिरली ते विचारायचे.

तोच शेतकरी कार घेतो तेव्हा बॉनेट उघडत नाही. कारचा कागदी फिल्टर डब्यात झाकलेला असतो, वाटीसारखा समोर दिसत नाही, आणि शोरूममध्ये कोणी दाखवतही नाही. ट्रॅक्टरची सवय कारला लावली तर आमच्या तालुक्यातली निम्मी इंजिनकामं टळतील, असं माझं अनुभवानं बनलेलं मत आहे.

पण सवय म्हणजे दर आठवड्याला फिल्टर काढून झटकणं नव्हे. इथं आमच्या धंद्यातल्या लोकांनाही मला बोलायचं आहे. सर्व्हिसिंगला गाडी आली की फिल्टर काढायचा आणि कॉम्प्रेसरची हवा मारायची, हा गॅरेजचा रिवाज होऊन बसला आहे. टायरसाठी ठेवलेला तो दाब कागदाच्या घड्यांवर अगदी जवळून मारला जातो. कागदाला बारीक छिद्रं पडतात किंवा कागद रबरापासून सुटतो. फिल्टर पांढरा दिसतो, ग्राहक खूश होतो आणि फिल्टर निकामी झालेला असतो. खात्री करायची असेल तर अंधारात असा फिल्टर घ्या आणि त्याच्यामागे बॅटरी लावा. जिथून प्रकाशाचा ठिपका थेट डोळ्यावर येतो तिथून धूळही थेट जाते. गोल फिल्टर असेल तर आत बल्ब धरून पाहा. हे मी शिकाऊ मुलांना पहिल्या महिन्यातच करायला लावतो.

थोडा मळलेला फिल्टर वाईट नसतो. चहाच्या गाळणीत पत्तीचा थर बसला की पुढचा कप जास्त स्वच्छ गाळला जातो, तसंच कागदावर धुळीचा पातळ थर बसला की तो बारीक कणही धरायला लागतो. सारखा झटकून आपण तो थर काढतो आणि दर वेळी डबा उघडताना थोडी धूळ आतल्या बाजूला सांडतो ती वेगळीच.

मायलेजबद्दलही खरं सांगितलं पाहिजे. "फिल्टर बदला, ॲव्हरेज वाढेल" हे वाक्य दुकानातून आणि गॅरेजमधून सर्रास ऐकू येतं. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेनं २००९ मध्ये यावर चाचण्या घेतल्या. आजच्या फ्यूएल इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत फिल्टर बराच चोंदला तरी मायलेजवर दखल घेण्याजोगा परिणाम झाला नाही, कारण कॉम्प्युटर आलेल्या हवेप्रमाणे पेट्रोल मोजून देतो. फरक पडला तो गाडी उचलण्यात. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत मात्र मायलेजही काही टक्क्यांनी घटतं. तेव्हा ॲव्हरेजचं आमिष दाखवून फिल्टर विकणं मला पटत नाही. फिल्टर बदलायचा तो इंजिन वाचवण्यासाठी, आणि तेवढं कारण पुरेसं आहे.

कधी बदलायचा? बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत तीस-चाळीस हजार किलोमीटरचा आकडा असतो आणि शेजारी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की धुळीच्या भागात त्याआधी तपासा, त्याआधी बदला. आर्णी, घाटंजी, दारव्हा, महागाव, यांतला कोणता रस्ता धुळीचा नाही ते मला दाखवा. ती बारीक अक्षरं आमच्यासाठीच छापली आहेत. माझ्या ग्राहकांना मी सांगतो की दहा हजारांच्या सर्व्हिसिंगला फिल्टर डोळ्यांनी पाहा, पंधरा ते वीस हजारांच्या दरम्यान बदलून टाका, आणि गाडी रोज शेतावर जात असेल तर सोयाबीनचा हंगाम संपल्यावर किलोमीटर न मोजता बदला. छोट्या कारचा फिल्टर तीन-चारशे रुपयांत येतो. घेताना जुना शेजारी ठेवून घड्या पाहाव्यात. नकली फिल्टरला घड्या विरळ असतात आणि कडेचं रबर कडक असतं, दाबलं तरी बसत नाही.

उंदरांचं एक सांगायला हवं. गोठ्याशेजारी किंवा धान्याच्या कोठीजवळ लावलेल्या गाडीच्या डब्यात उंदीर घर करतात. अशा डब्यातून मी सोयाबीनची टरफलं, सरकीसकट कापूस आणि कुरतडलेल्या फिल्टरचे तुकडे काढले आहेत. गाडी बरेच दिवस उभी असेल तर चालू करण्याआधी डबा उघडून पाहिलेला बरा.

पावसाळ्यात धोका बदलतो. काही किटमध्ये थंड हवा मिळावी म्हणून फिल्टर खाली, पुढच्या बंपरच्या मागे नेतात. आमच्याकडे नाल्यांवर अजून किती रपटे आहेत हे सगळे जाणतात. गुडघाभर पाणी असलेल्या रपट्यावर असा फिल्टर थेट पाणी ओढतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाण्यावर अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. कंपनीनं हवेचं तोंड वर ठेवलेलं असतं ते याचसाठी. तरीही गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नये. ढकलून बाहेर काढावी, प्लग खोलावेत, पाणी गेलंय का ते आधी पाहावं. पुन्हा सेल्फ मारून इंजिन मोडलं तर साध्या विम्यात ते बसत नाही, इंजिनाचं वेगळं संरक्षण घेतलेलं असावं लागतं. अर्थात सगळ्यात मोठा उपाय रपट्यावरून पाणी वाहत असताना थांबण्याचा. २८ सप्टेंबर २०२१ ला आमच्याच जिल्ह्यात, उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यात नांदेड-नागपूर एसटी वाहून गेली. एवढी जड बस जिथं टिकली नाही तिथं कार काय टिकणार?

कायद्याचंही मुलांनी ध्यानात ठेवावं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते ठामपणे सांगितलं. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीनं मालकाला अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. नुसता कागदी फिल्टर बदलणं ही देखभाल झाली, तिला कोणी अडवत नाही. डबा आणि नळ्या काढून वेगळीच जोडणी केली तर कंपनी वॉरंटी नाकारू शकते, आणि मग इंजिनाचा सगळा खर्च अंगावर येतो.

बदल करायचीच हौस असेल तर असे करा ज्यानं इंजिन वाचेल. शेतात वापरायच्या जीपला नीट जोडलेला उंच स्नॉर्केल असेल तर चाकांच्या धुळीच्या वरची हवा मिळते. त्याच्या टोकाला हवा गरगर फिरवून धूळ बाहेर टाकणारी टोपी बसवली तर फिल्टरचं आयुष्य वाढतं. फक्त प्रत्येक जोड हवाबंद झाला पाहिजे, आणि आरटीओला विचारून काम केलं पाहिजे.

कार कंपन्यांकडे माझी एक मागणी आहे. ट्रकला आणि नव्या ट्रॅक्टरला फिल्टरच्या नळीवर चोक इंडिकेटर असतो. फिल्टर चोंदला, आतली ओढ वाढली की त्या काचेच्या नळीत लाल पट्टी वर येते. चालकाला किलोमीटर मोजावे लागत नाहीत, अंदाज करावा लागत नाही, फिल्टर विनाकारण काढावा लागत नाही. ही वस्तू काही शे रुपयांची आहे. लाखो रुपयांच्या कारमध्ये मोठा टचस्क्रीन देता येतो, तर ग्रामीण भागात विकायच्या गाडीत ही लाल पट्टी का देता येऊ नये? आणि ती येईपर्यंत डीलरनं गाडीची किल्ली देताना ग्राहकाला एकदा तरी एअर फिल्टरचा डबा उघडून दाखवावा. पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरी मागणी रस्ते बांधणाऱ्यांकडे आणि त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे. रस्त्याचं काम चालू असताना मुरमावर दिवसातून काही वेळा टँकरनं पाणी मारायचं असतं. आमच्याकडे टँकर सकाळी एकदा फिरतो आणि अकरानंतर रस्ता पुन्हा कोरडा. गिट्टी आणि डस्ट वाहणारे डंपर ताडपत्रीविना धावतात. ती पूड मोटरसायकलवरच्या माणसाच्या डोळ्यांत जाते, रस्त्याकडेच्या शाळेच्या वर्गात जाते, कडेच्या पऱ्हाटीच्या पानांवर बसते. गाडीच्या इंजिनाला निदान कागदाचा फिल्टर असतो. येत्या हंगामात कामं सुरू होण्याआधी प्रत्येक ठेकेदाराचं पाणी मारण्याचं वेळापत्रक कामाच्या फलकावर लावावं आणि तहसीलनं ते दुपारच्या वेळी जागेवर येऊन तपासावं.